जावयाच्या डोहाचे पाच पत्ते

सोमाजी भानारकरचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. घरात गजराचे घड्याळ नव्हते. कोंबडा होता, पण तो सोमाजीनंतर उठे. चुलीतल्या राखेने दात घासायचे, रात्रीचा भात मीठमिरचीशी खायचा, जाळे खांद्यावर टाकायचे आणि चाराच्या आत बेलटोलीच्या तलावाची पाळ चढायची. कुरखेड्यापासून चौदा किलोमीटर आत असलेल्या या गावात तो अडतीस वर्षे हेच करत आला होता.

पाळीखाली डोंगा बांधलेला असे. डोंगा सोडला की सोमाजी आधी जायचा पश्चिमेला, सलंगीकडे. सलंग म्हणजे तलाव भरला की जादा पाणी वाहून जाते ती दगडी वाट. तिथे पाणी गुडघाभर. मासा नावाला नाही. तरी सोमाजी तिथे दोनदा जाळे फेकायचा, दोनदा रिकामे ओढायचा, पाळीवर कोणी बघत असेल तर त्याला नीट दिसावे म्हणून जरा कण्हायचा. मग आभाळ फटफटले की मधल्या पाण्यात वळायचा. गावदेवाच्या देवळाच्या कळसामागे मोहाचे झाड लपले की एक रेघ झाली. तुडुमाचा, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीचा, दगडी खांब टेकडीच्या खाचेत बसला की दुसरी. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे जावयाचा डोह. तिथे एकच जाळे टाकायचे, लागेल तेवढेच घ्यायचे आणि परतायचे.

म्हणजे रोज अर्ध्या तासाची मेहनत निव्वळ खोट्यासाठी. पण ती त्याने एक दिवसही टाळली नाही.

मेहनतीच्या बाबतीत सोमाजी पक्का होता. तरुणपणी ऊर्जानगरला वीजकेंद्राचे बांधकाम चालू असताना आठ वर्षे त्याने ठेकेदाराकडे सिमेंट-गिट्टीची घमेली वाहिली. मुकादम घमेली मोजायचा. सोमाजीही मोजायचा आणि त्याचा आकडा मुकादमापेक्षा खरा निघायचा. तिथून त्याने एक गोष्ट गाठीला बांधून आणली : जे केल्यावर अंग दुखत नाही ते काम नाही. बोलणे तर नाहीच नाही. बोलण्याचे खाते त्याच्या बायकोकडे, सुगंधाबाईकडे होते. ती कुरखेड्याच्या बाजारात मासे विकायची आणि किलोभर माशामागे दोन किलो बोलायची.

जानेवारीत गावात दिव्यानी आली. वय सव्वीस. गडचिरोलीच्या बसने कुरखेड्यापर्यंत, पुढे मिळेल त्या गाडीने. पाठीवर एक पिशवी, गळ्यात एक. विद्यापीठात ती पीएचडी करत होती आणि विद्यापीठाच्या एका प्रकल्पावर होती. जुन्या तलावांची नावे, त्यातल्या जागा, त्यांच्या गोष्टी, हे सगळे म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. म्हातारे गेले की तेही जाईल. त्याआधी ते आवाजात धरून ठेवायचे, नकाशावर मांडायचे, असे तिचे काम.

ती सोमाजीच्या ओसरीवर बसली. माईक एवढासा, चवळीच्या शेंगेएवढा.

"भाऊ, तुम्ही फक्त सांगायचं. दिवसाची मजुरी विद्यापीठ देईल."

"कायची मजुरी?"

"सांगण्याची."

"बसून?"

"बसूनच."

सोमाजीने हनुवटीने घराच्या आत दाखवले. आत सुगंधाबाई माशांचे खवले काढत होती. "बसून बोलाची मजुरी भेटत असती बाई, तर आमच्या घरी सिमेंटची माडी राह्यली असती."

आतून उत्तर आले, "बोलाची मजुरी भेटत असती तं मी तुमच्या घरी कायले राह्यली असती?"

मजुरी त्याने घेतली नाही. पण सांगितले भरपूर. तलावाच्या पोटातल्या तेवीस जागांची नावे सांगितली. जावयाच्या डोहाची गोष्ट तर पाऊण तास सांगितली. एक जावई होता. नदीकाठचा. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आला आणि जेवताना म्हणाला, नदीचा माणूस मी, या तुमच्या डबक्यात हातानं मरळ धरून दाखवतो. उन्हाळ्यातल्या आटत्या पाण्यात उतरला, पाच पावले चालला आणि सहाव्या पावलाला मानेपर्यंत गाळात गेला. तीन तास ओरडत राहिला. पाळीवर सासरा विडी ओढत बसला होता. त्याला वाटले जावई गाणे म्हणतो आहे. आवाज बरा आहे म्हणून त्याने शेजाऱ्यालाही ऐकायला बोलावले.

दिव्यानी हसून हसून माईक धरायची विसरली. "कधीची गोष्ट आहे ही?"

"लय जुनी. आज्या-पणज्याच्या वेळची."

आत खवल्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"आणि हा डोह नेमका कुठं आहे?"

सोमाजीचा हात आपसूक उठला आणि सलंगीकडे वळला.

यात त्याचा काही डाव नव्हता. बेलटोलीच्या ढिवरांत मासा कुठे लागला हे कोणी खरे सांगत नाही. भाऊ भावाला सांगत नाही. गावातल्या मुखरूचा बाप शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा मुलांनी विचारले, बाबा, जागा तरी दाखवून जा. त्याने नदीकडे बोट केले. आयुष्यात तो नदीवर गेला नव्हता. याला कोणी खोटेपणा म्हणत नाही, ही रीत आहे. विचारणाऱ्यालाही माहीत असते की उत्तर चुकीचे येणार, तो ते ऐकतो आणि दुसरीकडे जातो. दिव्यानीला हे ठाऊक नव्हते. तिच्या घरी धानाची शेती. धानाची बांधी कुठे आहे हे कोणी लपवू म्हटले तरी लपत नाही.

तिने त्या जागेची फोनवर खूण घेतली आणि पुढच्या घरी गेली. लच्छू, मुखरू, बिरजू, सुकलू. मच्छीमार संस्थेचे हे चार जुने सभासद. सगळ्यांनी तिला चहा दिला, सगळ्यांनी तीच गोष्ट सांगितली आणि सगळ्यांनी हात वर करून जागा दाखवली.

फेब्रुवारीत ती नकाशा घेऊन आली. संस्थेच्या खोलीत जाळ्यांच्या ढिगाशेजारी तिने तो सतरंजीवर पसरला. पाची जण भोवती बसले.

"हे पाहा. जावयाचा डोह. एक इथं, एक इथं, हा तिसरा, चौथा, पाचवा."

पाच म्हातारे त्या कागदाकडे परक्याच्या लग्नपत्रिकेकडे पाहावे तसे पाहत राहिले.

"जावई लय होते वाटते," मुखरू म्हणाला.

"गोष्टीत तर एकच आहे, भाऊ."

"फसला एकच," बिरजूने कबूल केले.

"मग जागाही एकच असणार ना?"

 प्रत्येक जण नकाशावरची दुसऱ्याची खूण चोरून पाहत होता. कोणाची खूण खऱ्या जागेजवळ तर नाही ना? नव्हती. एकाचीही नव्हती. पाची जण हळूच मागे रेलले.

मग लच्छूने घसा खाकरला. "सोमाजीभाऊ वयानं मोठे. त्याइचं खरं धरा."

अडतीस वर्षांत लच्छूने सोमाजीला कधी भाऊ म्हटले नव्हते. पुढ्यात 'अबे' आणि माघारी त्याहून वाईट. बाकीच्या तिघांनी इतक्या घाईने माना हलवल्या की सुकलूची टोपी पडली.

"सलंगीपाशीच आहे, बाई. मी चुकलो होतो," मुखरू म्हणाला.

"मले तं उन्हानं दिसलं नसन," बिरजू म्हणाला.

दिव्यानीचा चेहरा उजळला. शेजारच्या गावात एका ओढ्याच्या नावावरून म्हातारे तीन दिवस भांडले होते. इथे पाच जणांचे एका बैठकीत एकमत. तिने सलंगीपाशी लाल गोल काढला आणि खाली पाची जणांची नावे लिहून सह्या-अंगठे घेतले.

"आमच्या गावात एकी लय," लच्छू म्हणाला.

बाहेर पडल्यावर त्याने तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी न बोलता सोमाजीपुढे धरली. सोमाजीने न बोलता चिमूट घेतली.

एप्रिलमध्ये तलावाचा गाळ काढायचे काम मंजूर झाले. ग्रामसभेत ठरले की तळ एकसारखा सपाट करायचा, खड्डे बुजवायचे. मात्र विद्यापीठाने जुन्या जागांचा नकाशा केलाच आहे, तर त्यातल्या डोहांना हात लावायचा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमाजीनेही दोन वाजवल्या. तिसऱ्या टाळीला त्याचे हात थांबले.

शनिवारी तो पाळीवर गेला. सलंगीपाशी लाल झेंडी फडफडत होती. जिथे महिनाभर उपास केला तरी एक झिंगा लागला नसता त्या चिखलाला संरक्षण मिळाले होते. मधल्या पाण्यात, खऱ्या डोहावर, काहीच नव्हते. सोमवारपासून पोकलेन लागणार होते.

मे महिन्यात सगळा तलाव थाळीसारखा आटतो तेव्हा फक्त त्या डोहात दीड पुरुष पाणी राहते. मरळ, शिंगूर, जे काही जगायचे ते तिथे जगते आणि पावसात तिथून तलावभर पसरते. डोह बुजला की बीज संपले. मग कितीही पहाटे उठा, जाळ्यात शेवाळ येणार. चौसष्टाव्या वर्षी पुन्हा घमेली उचलायला सोमाजीची पाठ तयार नव्हती.

पोकलेनवर राजदीप नावाचा माणूस होता. सोमाजी त्याच्याजवळ गेला.

"आनखी एक झेंडी लावता का?"

"लावतो. कुठी?"

सोमाजीचा हात उठला आणि पूर्वेला, थेट बिरजूच्या वावराकडे वळला.

"तिथी तं भेंडी आहे," राजदीप म्हणाला.

सोमाजीने हात खाली घेतला, त्या हाताकडे एकदा पाहिले आणि घरी आला. सुगंधाबाईला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

"मंग माह्या टोपल्यात काय टाकान? झेंड्या?"

"खऱ्या जागेकडं हातच वळत नाई, तं मी काय करू."

"वळत नाई तं बांधून ठेवा. उद्या बांबू रोवून या. बांबूले सवय नाई खोटं बोलाची." आणि आपल्या जुन्या लाल लुगड्याचा एक पट्टा तिने फाडून दिला.

रविवारी पहाटे सोमाजी आयुष्यात पहिल्यांदा सलंगीकडे न वळता सरळ डोहाकडे निघाला. पाण्यावर धुके होते. रेघा दिसत नव्हत्या, पण त्यांची गरज पडली नाही. डोहावर आधीच एक डोंगा उभा होता. त्यात लच्छू. लच्छूच्या हातात बांबू.

"तू इथी काऊन गा?" सोमाजीने विचारले.

"असाच. हवा खायले."

"बांबू घेऊन?"

"बांबूलेही हवा लागते."

एवढ्यात धुक्यातून मुखरू आला. त्याच्या मागे बिरजू. सुकलूकडे डोंगा नव्हता, तो टायरची ट्यूब घेऊन पोहत-पोहत आला. बांबू मात्र त्याने दातात धरल्यासारखा घट्ट धरला होता. पाच माणसे, पाच बांबू, पाच लाल चिंध्या. 

"तुमाले कशी माहीत ही जागा?" सोमाजीने विचारले. आवाज जरा चढला होता.

लच्छूने त्याच्याकडे वेड्याकडे पाहावे तसे पाहिले. "अबे, तुले इथून बाहेर कोनं काढलं होतं?"

 अडतीस वर्षांपूर्वी नदीकाठचा एक नवा जावई सासऱ्याच्या ताटावर फुशारकी मारून या पाण्यात उतरला होता. पुढे तो याच गावात घरजावई झाला. त्याला काखेत हात घालून ज्यांनी ओढून काढले ती चार पोरे आता त्याच्याभोवती म्हातारी होऊन उभी होती. त्या गोंधळात, त्या हसण्यात, कोणी जागा ध्यानात ठेवली नसेल असे सोमाजीने धरले होते. बाकी चौघांनीही एकमेकांबद्दल तेच धरले होते. लच्छू संध्याकाळी यायचा, मुखरू भर दुपारी, बिरजू बाजाराच्या दिवशी, सुकलू पावसाची झड असताना. जागा आपल्या एकट्याची म्हणून प्रत्येकाने बेताने मासा घेतला. म्हणून तर तो टिकला.

"सलंगीवर रिकामं जाळं तू बी फेकत होता?" सोमाजीने विचारले.

"मी तुडुमापाशी फेको," लच्छू म्हणाला.

सोमाजीने मनात हिशेब केला. पाच माणसे, दरेकी अर्धा तास, अडतीस वर्षे. एवढ्या मेहनतीत एक बोडी, म्हणजे लहानसे तळे, खोदून झाली असती.

पाची बांबू रोवले गेले. पण ऊन वर आल्यावर पाळीवरून राजदीप म्हणाला, "बांबू पाहून मी नाई थांबत. कागद पाहून थांबतो. कागदावर सलंग आहे आन खाली तुमच्या पाचायचे अंगठे आहेत."

लच्छूने खिशातून फोन काढला, दिव्यानीचा नंबर लावला आणि सोमाजीच्या कानाला चिकटवला.

"मीच काऊन?"

"खोटं तुह्यं होतं. आमी फक्त पाठिंबा देल्ला."

"बाई, मी सोमाजी. तो डोह..." तो थांबला. "तो डोह सरकला."

"डोह सरकला? असा कसा सरकेल, भाऊ?"

लच्छूने त्याच्या बरगडीत बोट खुपसले.

"सरकला नाई. मी खोटं बोललो."

पलीकडून कागद उलगडल्याचा आवाज आला. "आणि बाकीचे चौघं?"

"ते बी. पन त्याइनं डोकं नाई लावलं. माह्यंच उचललं."

दुपारच्या बसने ती आली. रागावली नाही, हसलीही नाही. सरपंचाला भेटून चार दिवस मागून घेतले. तेवढे दिवस पोकलेनने पाळीकडचा कोरडा गाळ काढावा, मधे जाऊ नये. मग ती सोमाजीसमोर नकाशा उघडून बसली.

"बाकीची बावीस नावं?"

"नावं सारी खरी."

"जागा?"

सोमाजीने डोके खाजवले. "तुडूम खरा आहे. तो दिसतेच."

दिव्यानीने डोळे मिटले आणि उघडले. "मग परत सांगा. पहिल्यापासून."

"सांगतो. पन बसून नाई सांगनार. बसलो का हात वळते. जागेवर उभा राह्यलो का हात कुठी वळन? पाय तिथंच राह्यते."

चार दिवस ते तलावात चालले. पुढे सोमाजी, काठीने तळ चाचपत. मागे दिव्यानी, ओढणी कमरेला गच्च बांधून, एका हातात चपला, दुसऱ्या हातात माईक डोक्याच्या वर. जागा आली की सोमाजी बांबू रोवायचा आणि सांगायचा. ओसरीवरच्या पाऊण तासाच्या गोष्टी इथे चार वाक्यांत येत होत्या, कारण छातीभर पाण्यात माणूस फुगवून बोलत नाही. तेवीस बांबू. दिवसाला सहा, शेवटच्या दिवशी पाच. जळवा काढायला मिठाची पुडी. दुपारी सुगंधाबाई पाळीवर डबा आणायची आणि दोघांनाही सारखेच बोलायची.

जावयाच्या डोहापाशी सोमाजी म्हणाला, "इथून पुढं माह्यं पाऊल पाहून पाऊल टाका." दिव्यानीने माईककडे पाहिले आणि पाऊल टाकले. तिचे पाय गुडघ्यापर्यंत गाळात गेले. सोमाजीने काठी पुढे केली.

"आता तुमाले बी माहीत झालं. हे खरं आहे."

गाळातून निघाल्यावर तिने विचारले, "तो जावई किती वेळ ओरडत होता, भाऊ? खरं सांगा."

सोमाजी काठीचा गाळ धुऊ लागला. पाळीवरून सुगंधाबाईने हाक दिली, "दहा मिनिटं. आन गाणं नव्हतं, माह्या नावानं रडून राह्यला होता. लिवा." दिव्यानीने ते लिहून घेतले.

खोटा नकाशा मात्र तिने फाडला नाही. खोटी जागा कोण, कोणाला, का दाखवतो, हेही जपून ठेवण्यासारखे आहे, त्याचे एक वेगळे प्रकरण होईल, असे तिने सांगितले. सोमाजीला हे पटले नाही.

"त्याची मजुरी मी घेनार नाई," तो म्हणाला.

चार दिवसांची घेतली. पाठ दुखत होती, म्हणजे काम झाले होते. विद्यापीठाने चारशेच्या दराने सोळाशे दिले. डोह वाचला. पोकलेन त्याच्या कडेने फिरून गेले. पावसाळ्याआधी दिव्यानीने नवा नकाशा छापून आणला आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला, चांगला मोठा, रंगीत. सोमाजी त्यासमोर उभा राहिला. जावयाचा डोह जिथे असायला हवा तिथेच होता, वाचता येणाऱ्या कोणालाही दिसेल असा. शेजारच्या वस्तीतली दोन माणसे दाखल्यासाठी आली होती. त्यांनी नकाशा पाहिला आणि एकाने खिशातून फोन काढून त्याचा फोटो घेतला.

सोमाजीने त्यांना रामराम केला, तलावाचे पाणी औंदा खराब आहे असे सांगितले आणि तडक सुकलूच्या घरी गेला, कारण सुकलूकडे बैलबंडी होती. सुगंधाबाईला त्या पैशांत पत्र्याची पेटी हवी होती. तिला तो म्हणाला, पुढच्या खेपेला. दोन दिवसांत, डोहात अजून उतरता येत होते तोवर, पाची जणांनी तळाशी बाभळीचे आणि बोरीचे फास, म्हणजे काटेरी फांद्यांचे भारे, दगड बांधून बुडवले. मासा त्यात खुशाल राहील. काटे नेमके कुठे आहेत हे ठाऊक नसलेल्या कोणी वरून जाळे फेकले तर त्याच्या चिंध्या होतील. सोमाजीची मजुरी, चार दिवस छातीभर पाण्यात उभे राहून खरे बोलल्याची, अशी लागली : तीन बंड्या काटे, दोन बंड्या दगड आणि सुकलूच्या बैलांना सरकीची ढेप.